पहिला शब्द नीलमचा

मअहदच्या बैठकीत मोठे साहेब सगळ्यांत शेवटी बोलतात, असं नीलम गजभियेला आधी कुणी सांगितलं असतं तर तिने ते थट्टेवारी नेलं असतं. तिला आजवर भेटलेले साहेब सुरुवातीला बोलायचे, मधे बोलायचे आणि शेवटी आभारप्रदर्शनही आपलंच आपण उरकायचे. नागपूरला कंत्राटदाराचं ऑफिस, मग पिंपरीची कंपनी, मग नवऱ्याच्या मागोमाग बहरीनला आल्यावर सलमाबादमधलं एक गोदाम, सगळीकडे बैठकीची रीत एकच होती. साहेब बोलणार, बाकीचे माना डोलावणार, आणि खरं काय ते बैठक सुटल्यावर ज्याच्यात हिंमत असेल त्याने केबिनच्या दारावर टकटक करून सांगायचं. नीलमच्यात हिंमत होती. हळू आवाजात, मान राखून, साहेबांचाच निर्णय साहेबांकडून फिरवून घ्यायची कला तिला चांगली साधली होती. या कलेचा तिला मनातून थोडा गर्वही होता.

पुढे नोकरी लागली ती मअहदमध्ये. मअहद म्हणजे संस्था. तिला एक भलंमोठं अरबी नाव होतं, पण ते पाटीपुरतं. येणारेजाणारे नुसतं मअहद म्हणत. ईसा टाउनमधल्या दुमजली इमारतीत दुपारनंतर लहान मुलांना कुराण शिकवत आणि संध्याकाळी बायकांचे अरबीचे वर्ग भरत. नीलम तिथे ऑफिस को-ऑर्डिनेटर होती. मुलांचे प्रवेश, वर्गांच्या वेळा, बसवाल्यांशी भांडणं आणि आयांचे फोन हे तिचं खातं. संस्थेच्या प्रमुखांनी, डॉक्टर नुमानांनी, मुलाखतीत तिला धर्म विचारला नव्हता. तुम्हाला राग लवकर येतो का, एवढंच विचारलं होतं. येत नाही, असं ती बेधडक खोटं बोलली आणि नोकरी मिळाली.

बैठक मंगळवारी, वरच्या मजल्यावरच्या मजलिसमध्ये. लांब खोली, भिंतीला लागून कोच. शिपाई अलीमियाँ उजव्या हातापासून सुरुवात करून छोट्या कपांत गहवा, म्हणजे वेलचीची बिनदुधाची कॉफी, ओतत जात. डॉक्टर विषय मांडत आणि मग सगळ्यांत नवीन माणसाला सगळ्यांत आधी विचारत. संस्था काढणाऱ्या म्हाताऱ्याने घालून दिलेली ही शिस्त होती. मोठ्यांचं मत कानावर पडलं की धाकट्याचं तोंड बंद होतं, तेव्हा धाकट्याला आधी बोलू द्यावं, असं त्याचं म्हणणं. मअहदमध्ये नीलम सगळ्यांत नवीन. त्यामुळे मुलांच्या सहलीपासून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत कुठल्याही विषयावर पहिला शब्द तिचा. पहिल्या खेपेला तिला दरदरून घाम फुटला. मग तिने एक वाक्य घोटून ठेवलं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं, डॉक्टर." डॉक्टर मान हलवत आणि पुढच्या माणसाकडे वळत. आपण मोठ्यांचा मान राखतोय, असं नीलमला वाटायचं आणि सगळं कसं छान चाललं होतं.

मअहदमध्ये तिची मैत्रीण एकच, सदफ. सदफ हैदराबादची, तिच्याच वयाची. तळमजल्यावर कोपऱ्यातल्या वर्गात ती लहान मुलांकडून छोट्या छोट्या सूरा, म्हणजे कुराणातले अध्याय, पाठ करून घ्यायची. वर्गात तिचा एकेक अरबी उच्चार घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा लख्ख असे, आणि वर्गाबाहेर पाऊल पडलं की लगेच "क्या की बाबा, मेरा सर दुख रा" सुरू होई. तिची ती हिंदी ऐकली की नीलमला नागपूरच्या गल्लीत उभं असल्यासारखं वाटायचं. मधल्या सुटीत दोघी एकमेकींच्या डब्यातलं ओढून खात आणि अरबी चहात साखर किती घालतात यावर तोंडसुख घेत.

सदफच्या वर्गाचं मात्र काही ठीक नव्हतं. बाकीच्या वर्गांतली मुलं पुढच्या सूरांना लागली तरी सदफची मुलं आपली तिथेच. आया तक्रारी करत. आणि हे असं का होतं ते नीलमला पक्कं ठाऊक होतं, कारण ते तिच्याच हातून घडत होतं.

मुलांच्या विभागाच्या प्रमुख होत्या उस्ताजा सुहा; उस्ताजा म्हणजे बाई. बहरीनच्याच, उंच, मोजकं बोलणाऱ्या. त्या ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या की नीलम खुर्चीतल्या खुर्चीत ओढणी सारखी करायची. एखादं मूल तोतरं बोलतं, एखादं सारखं रडतं, एखादं एकाच ओळीवर अडून बसलंय, असं झालं की सुहा दारात येऊन म्हणत, "याला सदफकडे पाठव." नीलम पाठवायची. असं करता करता मअहदमधली झाडून सारी अडलेली मुलं सदफच्या वर्गात गोळा झाली. हे कुठे ठरलं नव्हतं, कुठे बोललंही गेलं नव्हतं. सदफही कुरकुर करत नसे. तोतऱ्या पोराने एक ओळ सलग म्हटली की ती अख्ख्या वर्गाला खजूर वाटायची.

सत्र संपत आलं आणि सदफच्या कॉन्ट्रॅक्टचा विषय मंगळवारी निघणार असं कानावर आलं. सदफचा चेहरा उतरला. तिच्यामागे नवरा नव्हता. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की हैदराबाद, आणि तिथे भावाच्या घरातल्या कोपऱ्यासाठी वहिनीची मर्जी सांभाळत बसायचं.

"नीलम, तू तो अंदर बैठती ना," ती म्हणाली. शिक्षिकांना बैठकीत जागा नव्हती, विभागप्रमुख आणि ऑफिसची माणसंच बसत. "मेरी एक बात बोल देती? वो बच्चे मेरे पास कायकू आए, इत्ताच बोल. बाकी मेरा नसीब."

"बोलते ना. त्यात काय एवढं," नीलम मराठीतच बोलून गेली आणि मग हिंदीत म्हणाली, "पक्का बोलूंगी."

आणि तिला बोलायचंच होतं. ती काही खोटं आश्वासन देणारी बाई नव्हती. फक्त कुठे बोलायचं, याबद्दलचं तिचं गणित जुनं होतं.

मंगळवारी डॉक्टरांनी विषय मांडला. सदफच्या वर्गाची प्रगती, पालकांची नाराजी, कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवावं की नाही. मांडलं अगदी सरळ, आवाज न चढवता. मग नेहमीप्रमाणे ते नीलमकडे वळले. "नीलम, तुमचं काय म्हणणं?"

समोरच्या कोचावर सुहा बसल्या होत्या, हातातल्या कपाकडे बघत. आता बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की डॉक्टर, यात सदफचा दोष नाही, समोर बसल्यात ना त्यांनीच कमजोर मुलं तिच्या गळ्यात घातली? भर बैठकीत, वरिष्ठ बाईंच्या तोंडावर? नीलमचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्टही याच खोलीत नवीन व्हायचं होतं. तिच्या जिभेला सवयीचं वाक्य आपोआप सापडलं. "तुम्हाला योग्य वाटेल तसं, डॉक्टर." मनात ती म्हणाली, बैठक सुटू दे, मग केबिनमध्ये गाठते.

डॉक्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग पुढे वळले. हिशेबनीस म्हणाला, पालक नाराज असतील तर विचार करायला हवा. बसचं काम बघणारा म्हणाला, पहिल्यांनी म्हटलं तेच माझं. बायकांच्या विभागाच्या बाईंनीही मान डोलावली. सुहांची पाळी आली तेव्हा त्या कपातून नजर न काढता म्हणाल्या, "सगळ्यांचं एकमत आहे. मी काय वेगळं सांगू?" डॉक्टरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि निर्णय सांगितला. सदफचं कॉन्ट्रॅक्ट या सत्राबरोबर संपेल. बाकीच्यांनी हात वर करून दुआ मागितली, तोंडावरून हात फिरवले, आणि कुणीतरी जिन्यात म्हणालं, "खलास."

नीलम केबिनच्या दारावर टकटक करून आत गेली तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत होते.

"डॉक्टर, सदफबद्दल थोडं सांगायचं होतं."

"सदफबद्दल बोलून झालं."

"हो, पण खरं कारण..."

त्यांनी हात वर केला. "मला आत्ता सांगू नका. नीलम, तुम्हाला विचारलं होतं ना? सगळ्यांच्या आधी विचारलं होतं."

"सगळ्यांसमोर कसं बोलणार, डॉक्टर? बरं दिसत नाही."

"इथे एकट्यात सांगितलंत आणि मी निर्णय फिरवला, तर उद्यापासून वर कशाला बसायचं? सगळे माझ्या दाराबाहेर रांग लावतील." ते रागावले नव्हते, त्यामुळे नीलमला जास्तच अवघड झालं.

"पण मी काही तिला काढा असं म्हटलं नव्हतं."

"काढू नका असंही म्हटलं नाहीत. त्या खोलीत जो बसतो आणि नाही म्हणत नाही, त्याचा आम्ही होकार धरतो. तुम्ही गेले कितीतरी मंगळवार होकार देत आला आहात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

नीलमच्या डोळ्यांपुढे पाण्याची टाकी, सहल, बसचा नवा रस्ता, सगळं सरकून गेलं. त्या नव्या रस्त्यावरून तर तिने स्वतःच बसवाल्यापाशी महिनाभर डोकं फोडलं होतं.

"आता काय करता येईल?" तिने विचारलं.

"निर्णय माझा नाही, त्या खोलीचा आहे. तुमच्याजवळ शब्द असेल तर पुढच्या मंगळवारी तिथेच ठेवा. आणि पहिल्या वेळी तो राखून ठेवला होता, हेही सांगावं लागेल."

मअहदची आणखी एक रीत होती. ज्याच्याबद्दल निर्णय झाला त्याला तो त्याच दिवशी, डॉक्टरांच्या तोंडून कळायचा. त्यामुळे बस सुटायच्या वेळेला सदफ ऑफिसमध्ये आली तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. डोळे लाल, पण चेहरा धुतलेला. आणि सदफच येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"तू दिल छोटा नक्को कर," ती म्हणाली. "तू बोली, उनों नै सुने. तेरी क्या गलती?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. नीलमने नाही उघडलं. तिने सदफचा हात धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. शरम वाटणं म्हणजे नेमकं काय, ते तिला त्या पाच बोटांच्या उबेत कळलं.

घरी तिचा नवरा रुपेश शिफ्टवरून येऊन जेवायला बसला होता. सलमाबादला एसीच्या वर्कशॉपमध्ये तो टेक्निशियन होता आणि दिवसभर कंप्रेसरच्या आवाजात असल्यामुळे घरीही मोठ्याने बोलायचा. नीलमने सगळं सांगितलं. तो घास थांबवून तिच्याकडे बघायला लागला.

"म्हणजे तुले पहिलं विचारलं?"

"हो."

"मालकाच्या आधी? मॅनेजरच्या आधी?"

"हो म्हणते ना."

"अन् तू म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं?" त्याने ताट सरकवलं. "माझ्या बापाले जिंदगीभर कोणी बैठकीत बसू नाही दिलं, नीलम. दाराबाहेर उभा राहून आतलं ऐकायचा तो. अन् तुले खुर्ची देऊन, कॉफी पाजून विचारून राहिले, बाई तू सांग. काहून बोलली नाही तू?"

"सुहा मॅडम समोर होती. उद्या माझं कॉन्ट्रॅक्ट अडवलं तर? तूच म्हणशील मग."

"मग म्हणीन ना, तेव्हा म्हणीन," रुपेश म्हणाला. त्याला स्वतःलाच ते बोलणं विनोदी वाटलं, पण तो हसला नाही. मग हळू आवाजात, जे त्याला सहसा जमत नसे, म्हणाला, "अडवलं तर अडवलं. नईम मोहल्ल्यात वर्कशॉपमधला तो प्रशांत एक स्वस्त खोली पाहून देतो म्हणाला होता, तिथं जाऊ. कमीत भागवू."

नीलमने भांडी घासायला घेतली. तिला त्याचा राग आला होता, कारण तो बरोबर बोलत होता आणि बोलणं त्याला फुकट होतं. मंगळवारी तोंड तिला उघडायचं होतं.

तो मंगळवार आला. गहवा झाला. डॉक्टर म्हणाले, "मागच्या वेळच्या एका गोष्टीबद्दल नीलमना बोलायचं आहे." सगळ्यांच्या माना वळल्या. सुहांनी कप खाली ठेवला.

नीलमने तयारी केली होती, वाक्यं इंग्रजीत जुळवून घोकली होती. त्यातलं एकही वेळेवर आठवलं नाही. "मागच्या वेळी मला विचारलं तेव्हा मी माझं म्हणणं सांगितलं नाही," ती म्हणाली. "मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. मला भीती वाटली." तिने सुहांकडे न बघता पुढचं सांगून टाकलं. "सदफच्या वर्गात मागे राहिलेली मुलं आहेत, कारण मागे राहिलेली मुलंच तिच्याकडे पाठवतात. दुसऱ्या वर्गात जे मूल अडतं ते तिच्याकडे जातं. मीच ती मुलं हलवते. उस्ताजा सुहा सांगतात आणि मी हलवते."

नाव घेतलं आणि तिला वाटलं, गेली नोकरी. हिशेबनीस कोचाच्या कडेशी सरकून बसला. सुहांनी मात्र मान वर केली.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी पाठवते. बाकीच्या शिक्षिका आवाज चढवतात. सदफपाशी ती मुलं तोंड उघडतात." आणि पुढे म्हणाल्या, "मागच्या वेळी मी हे सांगणार होते. माझी पाळी येईपर्यंत सगळ्यांनी होकार दिला होता. मला वाटलं, ऑफिसला सगळं ठाऊक असूनही ऑफिस गप्प आहे, म्हणजे मला न दिसलेलं काहीतरी असेल."

ऑफिस म्हणजे नीलम. तिने बाईंना घाबरून तोंड मिटलं, बाईंनी तिच्याकडे बघून मिटलं, आणि मधल्या सगळ्यांनी पहिल्यांनी म्हटलं तेच आमचं म्हणून हात झटकले. धाकट्याला मोकळेपणाने बोलता यावं म्हणून घातलेली शिस्त, आणि तिच्यातून अख्खी खोली मुकी झाली. संस्था काढणाऱ्या म्हाताऱ्याला नागपूरचं ऑफिस ठाऊक नव्हतं, त्याला तो बिचारा काय करणार.

डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं. "नीलम?"

"सदफला ठेवावं," नीलम म्हणाली. "आणि तिच्या वर्गाची तुलना बाकीच्या वर्गांशी करू नये."

या वेळी मधल्या माणसांनी आपापली वाक्यं बोलली. हिशेबनीसाने तर प्रश्नही विचारले, बरेच. सुहांनी शेवटी सांगितलं, मूल हलवायचं ते यापुढे या खोलीत सांगून. डॉक्टरांनी निर्णय फिरवला, हात वर झाले, दुआ झाली.

जिन्यात सुहांनी तिला गाठलं. नीलम भिंतीला चिकटून उभी राहिली. "तू हे मला बाहेर येऊन सांगितलं असतंस तर मी रागावले असते," त्या म्हणाल्या. "आत सांगितलंस, तेव्हा रागवायची सोय नाही." आणि उतरून गेल्या. हे कौतुक होतं की तंबी, ते नीलमला पुढेही उलगडलं नाही.

डॉक्टरांनी सदफला बोलावलं. थोड्या वेळाने सदफ ऑफिसमध्ये आली ती जवळजवळ पळतच. तिने दार लोटलं, नीलमला खुर्चीवरून उठवून मिठी मारली, रडली, हसली, आणि पुन्हा रडली.

"तूइच बोली ना? मेरेकू मालूम था. एक बार नै सुने तो दूसरी बार बोली. ऐसा कौन करता, नीलम? सगी बहन नै करती."

आतलं बोलणं बाहेर नेऊ नये, अशी मअहदची रीत होती. नीलमला ती आठवली, आणि त्या रीतीआड लपणं किती सोपं आहे तेही दिसलं. कुणी विचारणार नव्हतं. सदफ बहीण म्हणत राहिली असती, वर्षानुवर्षं. पण दुसऱ्यांचं बोलणं सांगू नये, एवढीच ती रीत. आपलं स्वतःचं तर आपलंच असतं.

"पहिली बार मैं नहीं बोली," नीलम म्हणाली.

"हौ?" सदफच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, तिला नीट ऐकू आलं नसावं.

"पहिली बार मुझे पूछा था. सबसे पहले मुझे ही पूछा. मैं चुप रही. मेरे चुप रहने से ही सब हुआ."

सदफने मिठी सोडली. ती टेबलाच्या कडेला टेकली. "मैं तेरेकू बोली थी," ती म्हणाली. "बोल देना बोली थी. तू पक्का बोली."

"हां."

"फिर मैं आके तेरेकूच समझाई." तिला ते आठवत होतं, एकेक करून. "तेरा हाथ पकड के खडी थी मैं. तू तब बी नै बोली."

"डर गई थी."

"डर तो मेरेकू बी था," सदफ म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर नीलमला बरं वाटलं असतं. "किसी को नै बताई मैं. अम्मी को बी नै. बस तेरेकू बताई."

खाली मुलांना घेऊन आलेल्या बसचा हॉर्न वाजला, आणि जिन्यात मुलांच्या चपलांचा गलका सुरू झाला. सदफने ओढणीने चेहरा पुसला, केस आत घेतले. दारापाशी थांबून म्हणाली, "नौकरी बच गई. शुक्रिया." अगदी मनापासून म्हणाली. मग ती वर्गाकडे गेली.

मधल्या सुटीत नीलम तिची वाट पाहत बसली. मग उठून कोपऱ्यातल्या वर्गापर्यंत गेली. दाराच्या काचेतून सदफ दिसत होती. ती जमिनीवर मुलांच्यात बसून डबा खात होती आणि शेजारचं पोर तोंडात घास धरून तिला काहीतरी अडखळत सांगत होतं. सदफने वर पाहिलं. दोघींची नजरानजर झाली. तिने मान लववून सलाम केला, जसा ती कुठल्याही मुलाच्या आईला करायची, आणि पुन्हा पोराकडे वळली.